बाटलीवरचे बारसे

टीका कशावर लिहावी यासंबंधी आपल्याकडे काही संकेत रूढ आहेत. कविता, कादंबरी, नाटक, फार तर चित्रपट यांच्यावर लिहिले तर त्याला टीकालेख म्हणतात. बिअरच्या डब्यावर कोणी लिहू लागला तर त्याच्या प्रकृतीची चौकशी होते. आणि तेही दिवाळी अंकात लिहिले तर घरातील वडीलधारी मंडळी अंक उचलून कपाटावर ठेवून देतात. तरीही आज मी एका डब्यावरच लिहिणार आहे. डबा रिकामा आहे, एवढे आश्वासन आधीच देऊन ठेवतो.

हा डबा माझ्या भाच्याने अमेरिकेतून आणला. तिकडची नोकरी सोडून तो परत आला आणि गेल्या भाऊबीजेला त्याच्या आईबरोबर आमच्याकडे शहापूरला उतरला. फराळ चालू असताना त्याने पिशवीतून तो डबा काढला, चिवड्याच्या बशीशेजारी ठेवला आणि म्हणाला, "मामा, हे वाचा." चाळीस वर्षे मुरबाड-शहापूरच्या शाळांतून मराठी शिकवलेल्या माणसाला 'वाचा' म्हटले की तो कशालाही हात घालतो, हे त्याला पक्के ठाऊक आहे. आमच्या हिने मात्र बशी दोन बोटे लांब सरकवली.

डबा देखणा होता. तो ज्या गावचा, त्या गावच्या बास्केटबॉल संघाच्या पोशाखाचे दोन रंग त्यावर होते, मधोमध चेंडू होता, आणि खाली संघाचे आभार मानणारी चार वाक्ये होती. तिकडे अशी प्रथाच आहे, असे भाच्याने सांगितले. मोठमोठ्या कंपन्यांच्या पलीकडे गावोगावी बिअरचे लहान कारखाने असतात. जव, हॉप नावाच्या वेलीची फुले, यीस्ट आणि पाणी एवढ्या सामग्रीवर ते एका वेळी थोडाच माल काढतात आणि आपल्या हातगुणाचा अभिमान बाळगतात. गावचा संघ मोठ्या सामन्यापर्यंत पोहोचला की त्याच्या गौरवार्थ ते एक खास घाणा काढतात. घाणा संपला की ते नावही संपले.

यापुढचे बोलणे महत्त्वाचे होते. भाच्याला दोन मित्रांच्या भागीदारीत असाच एक छोटा कारखाना इकडे काढायचा आहे. परवान्याचे तो बघेल. त्या बिअरमध्ये त्याला मोहाची फुले घालायची आहेत. आणि बास्केटबॉल आमच्या खेड्यात नसल्यामुळे, तालुक्यातल्या एका वाडीचा जो कबड्डीचा संघ आहे त्याच्या गौरवार्थ ती काढायची आहे. "नाव आणि लेबलावरच्या चार ओळी तुमच्या, मामा," तो म्हणाला. म्हणजे मला एका बाळाचे बारसे करायचे होते, आणि बाळ बाटलीत होते!

नाव सुचवायचे तर आधी नावाची परीक्षा करायला हवी. आपल्या साहित्यशास्त्रात या कामाला एक जुने माप आहे. अकराव्या शतकातल्या काश्मिरी क्षेमेंद्राने काव्याचा प्राण औचित्यात पाहिला. अलंकार कितीही मौल्यवान असो, तो भलत्या जागी पडला तर शोभा देण्याऐवजी घालणाऱ्याचे हसे करतो, असे त्याचे सांगणे. मी ठरवले की याच मापाने बाटलीवरची नावे मोजायची.

प्रथम अमेरिकेकडे पाहू. बास्केटबॉल हा खेळच मुळी हाताशी असलेल्या वस्तूंतून जन्मला. 1891 साली स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने हिवाळ्यात मुलांना घरात खेळता यावे म्हणून पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाला अडकवल्या, आणि खेळाला टोपलीचेच नाव पडले. याहून उचित नाव कोणते असणार? मिलवॉकी शहराची गोष्टही अशीच. तेथे जर्मनीहून आलेल्या कुटुंबांनी बिअरचे मोठमोठे कारखाने उभारले आणि शहराची निम्मी ओळख त्या धंद्यावर तयार झाली. त्या शहराच्या बेसबॉल संघाचे नाव आहे 'ब्रूअर्स', म्हणजे बिअर गाळणारे. आपल्याकडे एखाद्या गावाने आपल्या संघाचे नाव 'कलाल क्रीडा मंडळ' ठेवले तर पहिल्याच सामन्यात शिट्ट्या पडतील. पण मिलवॉकीत ते नाव शोभते, कारण ते त्यांच्या आजोबांच्या कष्टाचे नाव आहे. तेथे संघाने धंद्याचे नाव घेतले काय किंवा एखाद्या छोट्या कारखान्याने संघाचे नाव घेतले काय, ती घरातल्या घरात झालेली देवघेव असते.

मात्र तिकडचे सगळेच सोने नाही. डेन्व्हर शहरात 1995 साली एक बेसबॉलचे मैदान उघडले. त्याचे नाव कूर्स फील्ड, एका बलाढ्य बिअर कंपनीवरून दिलेले. त्या मैदानाच्या आवारातच बिअरचा एक लहान कारखाना होता. तेथे त्याच वर्षी एक नवी बिअर तयार झाली आणि तिला नाव दिले 'बेलीस्लाइड'. धावणारा खेळाडू पोटावर घसरत ठाणे गाठतो, त्या कसरतीवरून ते नाव घेतले होते. मैदानातल्या बिअरला मैदानातल्या धुळीचे नाव! क्षेमेंद्रानेही मान डोलावली असती. पण पुढे ती बिअर देशभर विकायला निघाली ती 'ब्लू मून' या नावाने. निळ्या चंद्राशी कोणाचेच भांडण नसते. तो कोणत्याही गावावर उगवतो. बाजार वाढला तसे खेळाडूचे नाव मागे राहिले आणि चंद्र पुढे आला. गौरवाच्या नावाचे आयुष्य किती असते, याचा हा नमुना मी भाच्यापुढे मुद्दाम ठेवला.

आता स्वदेशी. आपल्याकडे ही गंगा उलटी वाहिली. 1998 साली कलकत्त्याच्या फुटबॉलमध्ये एक विलक्षण दृश्य दिसले. 1911 साली अनवाणी पायांनी गोऱ्यांच्या संघाला हरवून शील्ड जिंकणारा मोहन बागान हा 'मॅकडॉवेल मोहन बागान' झाला आणि त्याचा हाडवैरी ईस्ट बंगाल 'किंगफिशर ईस्ट बंगाल' झाला. ही दोन्ही नावे एकाच मद्यसमूहाच्या मालाची. म्हणजे वैरी दोन आणि बाटल्यांचा मालक एक! पुढे 2008 साली क्रिकेटची आयपीएल स्पर्धा सुरू झाली, तेव्हा बंगळूरच्या संघाला जे 'रॉयल चॅलेंजर्स' नाव मिळाले, त्याचे मूळ 'रॉयल चॅलेंज' या व्हिस्कीत होते. दूरचित्रवाणीवर मद्याच्या जाहिरातीला मनाई आहे. पण संघाचे नाव उच्चारायला मनाई कशी करणार? समालोचक षटकाषटकाला ते नाव घेतो आणि घरातले शेंबडे पोरही ते पाठ म्हणते. अमेरिकेच्या त्या लहान कारखान्यात बाटली संघापुढे वाकली होती. येथे संघच बाटलीच्या गळ्यातला ताईत झाला. क्षेमेंद्राच्या मापाने हा भलत्या जागचा अलंकार. आणि जो घालतो त्याचे हसे होण्याऐवजी त्याला पैसे मिळतात, एवढीच काळाची प्रगती.

नावाची ही ताकद सरकारलाही कळते. 2022 च्या प्रारंभी महाराष्ट्र शासनाने मद्याची दुकाने आणि बार यांना देवदेवतांची, थोर पुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावे देण्यास मनाई केली. काहींना ती अतिरेकी वाटली. मला त्यातले तत्त्व पटते. ज्याचे नाव घेतले त्याला विचारता येत नाही, आणि त्याच्या पुण्याईवर गल्ला मात्र भरतो, हा व्यवहार एकतर्फी आहे. माझ्या मते अडचण दारूपेक्षा या एकतर्फीपणात अधिक आहे.

एवढे बोलून झाल्यावर भाचा म्हणाला, "मामा, पण आमची बिअर इथलीच असणार. इथलं पाणी, इथलं फूल, इथला संघ. मग औचित्य कुठं चुकतं?"

प्रश्न सरळ होता. म्हणून मी त्याचे उत्तर त्याच तीन वस्तूंत शोधले.

पाणी घ्या. बिअरचे दहा भाग केले तर त्यातले नऊ पाणीच असते. मुंबईत जे पेय मुंबईच्या नळाच्या पाण्यावर बनते, त्यात शहापूर तालुका आधीपासूनच मिसळलेला आहे, कारण तानसा आणि भातसा हे मुंबईचे दोन मोठे जलाशय याच तालुक्यात आहेत. तानसाचे पाणी मुंबईला गेले 1892 साली. अलीकडे, मुरबाडच्या बाजूला, बारवी धरण आहे. त्यासाठी मुरबाड तालुक्यातल्या गावांची जमीन पाण्याखाली गेली, आणि डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीच्या पाण्याची भिस्त त्याच धरणावर असते. त्या डोंबिवलीतही काही वर्षांपूर्वी छोट्या प्रमाणावर बिअर काढणारी एक कंपनी निघाली. तिचे नाव 'गेटवे' आणि तिच्या एका बिअरचे नाव 'व्हाइट झेन'. बिअरविषयी माझी तक्रार नाही. चव हा माझा प्रांत नव्हे. पण नावाचा वाचक म्हणून एक गोष्ट नोंदवतो. नावात समुद्रावरचे प्रवेशद्वार आले, जपानी ध्यानमार्ग आला, आणि ज्या तालुक्यांच्या डोंगरांवर पाऊस पडतो ते आले नाहीत. कोणी मुद्दाम वगळले असे नव्हे, आठवलेच नाहीत. इकडे त्याच शहापूर-मुरबाडच्या कितीतरी पाड्यांवर वैशाखात टँकरची वाट पाहिली जाते.

फूल घ्या. फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो. ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या बायकापोरे ती अंधारातच वेचतात, उन्हात वाळवतात. अडीअडचणीला ती उकडून खातात, बियांचे तेल काढतात, आणि फुले आंबवून, मडक्यावर मडके ठेवून दारूही गाळतात. त्याच 1892 साली मुंबई सरकारने 'म्हौरा ॲक्ट' करून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत या फुलांवर निर्बंध आणले. अबकारीचे उत्पन्न बुडू नये, हा त्यातला हिशेब. ज्या वर्षी या मुलखातले पाणी नळाने मुंबईला निघाले, त्याच वर्षी या मुलखातल्या माणसाला स्वतःच्या झाडाखालचे फूल बाळगणे हा गुन्हा ठरू लागला. हा योगायोग असेल, पण मला तो विसरता येत नाही. 1949 च्या दारूबंदी कायद्याचीही मोहाच्या फुलांवर नजर राहिली. ती बंधने राज्य शासनाने सैल केली 2021 साली. मधल्या जवळजवळ एकशे तीस वर्षांत या फुलाने कितीजणांना कचेरीच्या पायऱ्या चढायला लावल्या असतील! आता तेच फूल सुबक बाटलीत जाऊन 'हस्तकौशल्य' म्हणून मिरवणार. ज्याच्या आजीला त्याच फुलासाठी शिपायाने दटावले, त्याने ते लेबल वाचून धन्य व्हायचे काय?

तिसरा संघ. भाच्याबरोबर मी त्या वाडीवर गेलो. तानसाच्या बंधाऱ्यापासून ती फार लांब नाही. भात कापून झाले होते. रिकाम्या खाचरातली ढेकळे फोडून, पाणी मारून आणि धुम्मस घालून पोरे मैदान तयार करत होती. पाणी लांबच्या विहिरीवरून हंड्यांनी येत होते. संघाला नाव होते ते देवाचे. आमच्याकडे बहुतेक संघ मारुतीचे नाहीतर भवानीचे असतात. मारुती पैसे देत नाही आणि मागतही नाही. हरल्यावर मात्र त्याच्यासमोर जायला पोरांना लाज वाटते. नाव असे असावे, की ते आपल्याला जाब विचारील.

पोरांना बाटलीची कल्पना आवडली. तरुण वयात आपले चित्र कोठेही छापून आलेले आवडते. पण चढाई करणाऱ्या एका पोराची आई कडेला उभी होती. कमरेवर हंडा होता. तिने सगळे ऐकून घेतले आणि मला म्हणाली, "गुरुजी, पोराचं नाव बाटलीवर नको. बाटलीनं आमच्या घरातलं एक नाव आधीच नेलंय."

यावर भाच्यापाशी उत्तर नव्हते, आणि माझ्यापाशी तर नव्हतेच. महाराष्ट्रात दारूचे दुकान बंद करायचे की नाही यासाठी गावातल्या बायकांचे मतदान घेण्याची तरतूद आहे. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, एक उभ्या बाटलीचे आणि एक आडव्या बाटलीचे. आडव्या बाटलीवर पुरेशी मते पडली की दुकान बंद. इतकी वर्षे शब्दांचे रसग्रहण शिकवले, पण त्या दोन चित्रांइतके नेमके लेबल मी पाहिलेले नाही. त्यात एकही विशेषण नाही, आणि ज्या बाईला वाचता येत नाही तिलाही ते पुरते कळते.

परतताना आम्ही पाड्यावरच्या एका ओळखीच्या म्हाताऱ्याकडे टेकलो. त्याने स्वतःपुरता मोहाचा पेला भरला. आमच्याकडे पाहून हसला, कारण मास्तर घेत नाहीत हे त्याला माहीत. पेला तोंडाला लावण्यापूर्वी त्याने बोटांनी दोन-चार थेंब जमिनीवर सोडले आणि पुटपुटत नावे घेतली. धरतरी, वाघदेव, आणि त्याच्या घरातली गेलेली माणसे. मग प्याला. भाचा हे एकटक पाहत होता.

वाटेत मी त्याला म्हणालो, "तुझ्या डब्यावरचं लेबल आणि याचं लेबल, दोन्ही गौरवाचीच. फरक सांग." तो गप्प राहिला, म्हणून मीच सांगितले. विकण्यापूर्वी जे नाव घेतले जाते ती जाहिरात असते, मग ते कितीही प्रेमाने घेतलेले असो. पिण्यापूर्वी जे नाव घेतले जाते तो गौरव. कारण ते घेताना म्हाताऱ्याच्या पेल्यातले चार थेंब कमी झाले. गौरव करणाऱ्याचे काहीतरी कमी झाले पाहिजे. शाल-श्रीफळातही नारळाचे पैसे आपलेच जातात. ज्या गौरवात गौरव करणाऱ्याची केवळ भरच होते, तो गौरव नव्हे. ते दुसऱ्याच्या नावावर काढलेले कर्ज आहे.

मी म्हाताऱ्याच्या पेल्याला सोवळे ठरवीत नाही. त्या पोराच्या बापाने कदाचित तेच प्यायले असेल, आणि थेंब सोडूनच प्यायले असेल. देवाचे नाव घेतल्याने दारूचा दोष जात नाही. मी केवळ नावाची परीक्षा करतो आहे, आणि त्या परीक्षेत बिनलेबलाचा पेला पहिला आला, एवढेच म्हणतो. अमेरिकेतल्या त्या डब्यालाही मी नापास करत नाही. त्या कारखानदाराने खास घाण्याच्या विक्रीतला काही हिस्सा गावच्या पोरांच्या मैदानाला दिला असेल, तर त्याचेही चार थेंब जमिनीवर पडले. डब्यावर तसे काही लिहिलेले नाही. पण चांगली माणसे अशा गोष्टी डब्यावर लिहीत नाहीत, असे समजून मी त्याला संशयाचा फायदा देतो.

आठ दिवसांनी भाच्याला मी पत्र लिहिले. नाव आणि चार ओळी मागितल्या होत्या, म्हणून चारच ओळींत उत्तर दिले. पोरांचे आणि त्यांच्या देवाचे नाव बाटलीवर घालू नकोस. ती माउली नको म्हणाली, तेथे विषय संपला. फुले घेशील ती वेचणारणीकडून तिच्या भावाने घे, आणि पाणी कोठले ते बाटलीवर ठळक लिही. त्या वाडीच्या मैदानापर्यंत पाण्याचा एक नळ तुझ्या खर्चाने जाईल तेव्हा पोरांनाच विचार, ते तुझ्या कारखान्याला काही नाव देतात का. तोवर लेबल कोरे असू दे.

या दिवाळीलाही तो आला होता. कारखाना अजून कागदावरच आहे. या वेळी त्याने पिशवीतून डबा काढला नाही, पाण्याच्या पाइपाच्या दरांचा एक कागद काढला आणि म्हणाला, "मामा, हे वाचा." मी चष्मा लावला. विहिरीपासून खाचरापर्यंतचे अंतर त्याने स्वतः पावलांनी मोजून आणले होते. आमच्या हिने चिवड्याची बशी पुन्हा त्याच्याजवळ सरकवली.

तो रिकामा डबा आता माझ्या टेबलावर असतो. मी त्यात पेन्सिली ठेवतो.